पोकळ कोपरा

सप्टेंबरच्या जत्रेत, बैल ओझी ओढतात त्या मैदानामागे,
पांढरे हातमोजे घातलेली बाई
माझ्या गोधडीचे चारही कोपरे चिमटीत धरून पाहते
आणि चिठ्ठीवर लिहिते:
‘रंगसंगती सुरेख. टाके एकसारखे.
गोटाचे कोपरे पोकळ.’
नवव्या वर्षीही दुसरा क्रमांक.
पहिला ओडेसा हेबला,
जिला एका डोळ्याने दिसतच नाही.

दोन हिवाळे गेले होते तिच्यात.
एक हजार आठशे बावन्न तुकडे,
प्रत्येकाचा पाव इंच शिवणीत दडवलेला.
तिच्याखाली कोणी झोपलेलं नाही, झोपणारही नाही.
ती उशीच्या अभ्र्यात राहते,
माणसांपासून जपून.

भेटीच्या गोधड्यांचं वेगळं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
मी पाय पाहून अंथरूण शिवते.
भाचा गॅरेट सहा फूट चार इंच,
म्हणून त्याच्या लग्नातली नऊ फुटी,
होकायंत्राच्या नक्षीची, निळ्यावर निळी.
फेब्रुवारीत न कळवता गेले
तर ती अंगणात, ट्रकच्या इंजिनावर पांघरलेली.
‘उणे बावीस होतं गं आत्या,
आणि घरात सगळ्यात ऊबदार तीच.’
चर्चमध्ये बोलत नाहीत ते मी पुटपुटले.
पुलापर्यंत गाडी रागाने चालवली,
पुलानंतर हसू आवरेना.
सुरू झाला होता ना त्याचा ट्रक, पहिल्या किल्लीत.

मंगळवारी चर्चच्या तळघरात आम्ही सहा जणी
आणि वेल्डन निकल.
चाळीस वर्षं बोटीवर जाळी सांधली त्याने;
गुडघे गेले, हात राहिले.
पहिल्या दिवशी आम्ही खुर्च्या सरकवल्या,
जागा करायला की अंतर ठेवायला, आठवत नाही.
आता त्याचे टाके उसवावे लागत नाहीत.
ग्रेटाचे लागतात,
ती घरी गेल्यावर, गुपचूप.

इथल्या गोधड्या कोणाच्या पायांच्या मापाच्या नसतात.
जळालेल्या घरांतून निघालेल्यांसाठी,
आणि हॅलिफॅक्सच्या इस्पितळात
वेळेआधी आलेल्या बाळांसाठी,
काचेच्या पेटीवर टाकून उजेड अडवायला.
मागच्या मार्चमध्ये परिचारिकेचा फोन आला:
आणखी लहान हव्यात.
किती लहान, मी विचारलं.
वीतभर, ती म्हणाली, फार तर दीड वीत.
मग थांबली.
त्या परत येणार नाहीत, म्हणाली,
त्या बाळांबरोबर जातात.

तळघरातली भट्टी धडधडून सुरू झाली.
वेल्डनने चष्मा पुसला.
ग्रेटाने विचारलं, रंग कोणता?
त्याचं उत्तर कोणालाच ठाऊक नव्हतं.
शेवटी ओडेसाने पिशवीतून पिवळं काढलं, लोण्यासारखं,
तिच्या स्वयंपाकघरातल्या पडद्यांचं उरलेलं.

वीतभर गोधडीलाही कोपरे चारच,
नऊ फुटीला असतात तेवढेच.
पण तिथे गोट वळवायला जागा नसते,
बोट मावत नाही.
ओडेसा विणायच्या सुईचं टोक आत घालून
कापसाचा कण सारते, चाचपते,
दिसतो तो डोळाही मिटून.
‘हे कोण बघणार आहे?’ मी म्हटलं.
ती म्हणाली, ‘दोरा दे.’

यंदाच्या जत्रेचा अर्ज आलाय.
टेबलावर आहे, चहाच्या कपाखाली.
भरेन बहुतेक.

पिवळं संपलं.
वेल्डनने बायकोचा झगा आणलाय, बारीक फुलांचा,
बाहीखाली अजून तिच्याच हातचं रफू.
कुठून कापायचा ते त्याला ठरवता येईना,
म्हणून आज आम्ही त्याला
नुसती इस्त्री करून ठेवली.